मुलाचं नाव

फॉर्मचा पहिलाच रकाना : मुलाचं नाव.
मी लिहिलं, मोरेश्वर काशिनाथ तांडेल.
वय : सत्तेचाळीस.
शाळा, इयत्ता : इथे पेन थांबलं,
मग लिहिलं, सोहार बंदर, क्रेनचं वेळापत्रक.
काउंटरवरच्या मुलीने ते दोनदा वाचलं
आणि काही न बोलता शिक्का मारला.
मी तिचा आभारी आहे.

सोहारला चौकशी केली होती.
एक केंद्र आहे, दारावर हत्ती, हातात फुगा,
बारा वर्षांपर्यंत. दुसरं, अठरापर्यंत.
"मुलासाठी का?" नाही.
"मग भाच्यासाठी?"
तिसरा प्रश्न यायच्या आत मी फोन ठेवला.

म्हणून मस्कत. सहाची बस, डावीकडची चौथी खिडकी.
इथल्या खुर्च्या लहान. गुडघे हनुवटीशी.
भिंतीवरच्या जिराफाला एकशे बारा ठिपके,
शेपटीकडचा अर्धा धरला तर.

डॉक्टर इल्हाम म्हणाल्या,
लहानपणचं सांगणारं कुणीतरी हवं.
आई सातपाटीला, ब्याऐंशी वर्षांची,
मराठी सोडून तिला काही येत नाही.
डॉक्टरांना अरबी येते, इंग्रजी येतं.
दुभाषा? मीच.

फोन टेबलाच्या मधोमध, स्पीकरवर.
"बोलायला उशिराच लागलास. चार वर्षं एक अक्षर नाही,
मग एकदम अख्खं वाक्य :
ही होडी आपली नाही."
मी सांगितलं. त्यांनी लिहून घेतलं.
"बोंबील वाळत घालायचास लांबीप्रमाणे.
कुणी एक हलवला की दिवसभर उपाशी."
बोंबील म्हणजे काय, यात पाच मिनिटं गेली.
मीच लांबवलं.
पुढचा प्रश्न मला कागदावर उलटा दिसत होता.

आवाज सोसायचा का?
पलीकडे बराच वेळ नुसता पंखा.
"बंदरावर बर्फ फोडायला लागले
की कान दाबून टोपल्यांमागे जाऊन बसायचास.
बायका हसायच्या.
एकदा मारलं मी तुला. चांगलंच मारलं.
हे नको सांगूस त्यांना."

दुभाष्याने काही गाळायचं नसतं.
मी म्हणालो, त्याच्या आईने त्याला मारलं,
आणि ती म्हणते, हे सांगू नकोस.
पेन थांबलं. "त्याला?"
मला, मी म्हणालो.
दिवसभरातला सगळ्यात अवघड शब्द तो.

तिसऱ्या खेपेला कागद मिळाला.
दोन भाषा, एक शिक्का.
तीन प्रती काढल्या, दिल्या कुणालाच नाहीत.
व्हिसाची मुदत मार्चपर्यंत,
आणि विचारायला गेलं की कळतंच.

पुढे काय?
"मोठ्यांसाठी इथे फारसं काही नाही,"
त्या म्हणाल्या, तेव्हा सरळ माझ्याकडे न बघता.
(ते बरं वाटलं.)
मग पाकिटाच्या पाठीवर एक नकाशा काढला :
अल खुवैर, लाँड्रीचा जिना, पहिला शुक्रवार.

खोलीत ट्यूब बंद, कोपऱ्यात एक दिवा.
सहा माणसं.
रहीमा ग्रंथालयात असते, दाराकडे तोंड करून बसते.
शाजी कोल्लमचा, वहीतून वर बघत नाही.
खालच्या मशीनची थरथर चपलांतून वर येते.
"बत्तीस मिनिटांनी थांबतं," शाजी म्हणाला.
मी घड्याळ लावलं. एकतीस.
तसं त्याला सांगितलं.
त्याने खोडून दुरुस्त केलं.
कुणी हसलं नाही.

परतीच्या बसमध्ये आईचा फोन.
"औषध काय दिलं?"
काही नाही.
"मग इतक्या लांब कशाला जातोस?"
ट्यूब बंद ठेवतात, मी म्हणालो.

बरका आलं, माणसं चढली, उतरली.
"तो बर्फाचा आवाज," आई म्हणाली,
"मलासुद्धा कधी सोसला नाही रे.
पण मासळी कोण विकणार होतं?"

बस सुटली.
मी फोन कानाला लावून तसाच बसलो,
तिकडे तिनेही ठेवला नव्हता.